संकेतस्थळाची कमाई आणि पोर्तुगालचा व्हिसा

पोर्तुगीज पारपत्राचा मार्ग गोमंतकीयांच्या परिचयाचा आहे; मात्र तो पत्करल्यास भारतीय नागरिकत्व गमवावे लागते. देशाबाहेरील ग्राहकांसाठी ऑनलाइन काम करणाऱ्यांकरिता पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या दूरस्थ कामाच्या व्हिसात ते अबाधित राहते.

अट आहे ती उत्पन्नाची. मागील तीन महिन्यांची सरासरी मासिक मिळकत तेथील किमान वेतनाच्या चौपट असावी लागते. २०२५ मध्ये हे वेतन ८७० युरो होते. म्हणजे मर्यादा ३,४८० युरो. संकेतस्थळावरील जाहिरातींचे उत्पन्न वाचकसंख्येनुसार चढते-उतरते. त्यामुळे एखाद्या महिन्याच्या भरघोस कमाईवर विसंबून चालत नाही.

दुसरा प्रश्न कराचा. संकेतस्थळ कोठूनही चालवता येते. कर मात्र मुख्यतः चालवणाऱ्याच्या वास्तव्यावरून ठरतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस वा अधिक काळ भारतात राहणारा येथील करनिवासी ठरतो आणि सर्वसाधारणपणे त्याच्या जगभरातील उत्पन्नावर येथे कर लागतो. पोर्तुगालमध्ये बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य झाल्यास तेथेही तेच बंधन येते. उभय देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. पण त्याची सवलत आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी दिवसांचा हिशेब मांडणे हिताचे.