हाडांची विद्या आणि मुलाचे बोल

आमचे तुमसर तांदळाचे गाव. येथे पाय मुरगळला की माणूस आधी हाडवैद्याकडे जातो, मग डॉक्टरकडे. त्यामुळे शेजारच्या सूनबाईंनी मला विचारले, "काकाजी, डोक्याची हाडे हलकेच दाबून मूल बोलते करतात म्हणे. पोराला नेऊ का?" तेव्हा मला नवल वाटले नाही. पोर चार वर्षांचे. हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर भिडवीत नाही, डबीचे झाकण तासन्‌तास फिरवीत बसते. डॉक्टरांनी निदान केले आहे स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. या नव्या उपचाराचे नाव ऑस्टिओपथी, आणि त्यासाठी यंदाच्या धानाचे पैसे बाजूला काढले गेले होते.

ही विद्या अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली मांडली. हाडे, सांधे, स्नायू यांची ठेवण सुधारली की शरीर स्वतःच बरे होते, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांच्या शाळेत शिकलेल्या विल्यम सदरलँड यांनी हाच विचार कवटीच्या हाडांना लावला. स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन मात्र लिओ कॅनर यांनी १९४३ साली, ११ मुलांच्या निरीक्षणावरून केले.

वाचकहो, येथेच खरी मेख आहे. स्वमग्नता हा हाडांचा दोष नव्हे. मेंदूची घडणच जन्माआधीपासून निराळी होत असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. कंबरदुखीवर या विद्येचा काहींना गुण येतो. परंतु कवटी दाबल्याने स्वमग्न मूल बोलू लागते, याला भरवशाचा पुरावा नाही. हलक्या हाताने मूल घटकाभर शांत झाले, तर तेवढे सुख जरूर घ्यावे. त्याला इलाज मात्र म्हणू नये.

सूनबाईंना मी हेच सांगितले, आणि ते पैसे वाचा-उपचारासाठी राखावे असेही सुचविले.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी लवकर हालचाल करावी. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. वाचा-उपचार व व्यवसायोपचार सुरू करावे, चित्र दाखवून हवे ते मागायला शिकवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र काढून घ्यावे. पैसा पुन्हा मिळविता येतो. कोवळ्या वयातली शिकण्याची वर्षे मात्र परत येत नाहीत.