आकड्याला प्रश्न विचारा

आम्ही कामगार-चळवळीत वाढलो. कॉलेजची पायरी चढलो नाही. मजुरीचा हिशेब तपासता तपासता एवढे शिकलो की, आकडा पाठ करायचा नसतो, त्याला प्रश्न विचारायचा असतो. परिचारिकेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनाही हेच सांगणे आहे.

समजा, एका गावात वर्षभरात चार अर्भके दगावली, दुसऱ्यात दोन. पहिले गाव वाईट? थांबा. जन्म किती झाले ते विचारा. पहिल्यात १००, दुसऱ्यात २०. म्हणजे हजारी मृत्यू पहिल्यात ४०, तर दुसऱ्यात १००! तरीही वीस जन्मांवर निकाल देऊ नये. पाच वर्षांची बेरीज घ्यावी. आणि जन्मताच गेलेले मूल नोंदले होते काय? नोंद नसलेले मूल कागदावर मरतच नाही. मग त्याच्या भावंडासाठी औषध कोण मागणार?

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या बाया, कित्येक निरक्षर, तेथे आरोग्यसेविका झाल्या आणि घरोघरची खबर ठेवू लागल्या. संशोधनाचा आरंभ असा उंबरठ्यावर होतो. ग्रंथालय त्यानंतर, पण तेही हवेच.