नेटवर्क चालक आज्ञावली, जुन्या लॅपटॉप संगणकाची
संगणकाला इतर संगणकांशी जोडणारे नेटवर्क कार्ड आणि संगणकाची परिचालन प्रणाली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली. व्यवहारात तिला ड्रायव्हर म्हणतात. कार्डावरील संकलित मंडलात (चिपमध्ये) कोणत्या जागी कोणता अंक लिहिला असता संदेश बाहेर पडतो व आलेला संदेश कोठून उचलावयाचा, हे केवळ या आज्ञावलीलाच ठाऊक असते. परिचालन प्रणाली फक्त ‘हा मजकूर पाठव’ एवढेच सांगते. त्यामुळे कार्ड निर्दोष असूनही चालक नसेल, तर संगणकाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असते.

अमेरिकेतील पालो ॲल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकॅफ व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये ईथरनेट ही जोडणीची पद्धत विकसित करण्यास प्रारंभ केला व १९८३ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काळात कार्ड बसविणाऱ्यास त्याचा पत्ता व व्यत्यय क्रमांक स्वतः ठरवावे लागत. कार्डावरील लहान टोप्या हलवून ते क्रमांक निश्चित करावयाचे आणि नेमके तेच चालकाला कळवावयाचे, अशी रीत होती. ध्वनी कार्डाने तोच क्रमांक घेतला असेल, तर दोन्ही बंद पडत. १९९२ मध्ये पुढे आलेल्या पीसीआय मार्गिकेमुळे आणि विंडोज ९५ पासून रूढ झालेल्या स्वयंजुळणीमुळे हा त्रास संपला. लॅपटॉपमध्ये प्रथम बाजूच्या खाचेत सरकविण्याची ८५·६ × ५४ मिमी. आकाराची कार्डे वापरीत. पुढे कार्ड संगणकाच्या पोटातच बसविण्यात येऊ लागले.

पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक कार्डात दोन ओळखक्रमांक कोरलेले असतात : एक उत्पादकाचा व दुसरा उपकरणाचा. प्रत्येक क्रमांक १६ द्विमान अंकांचा असून तो षोडशमान पद्धतीने चार अंकी लिहितात. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. त्या कंपनीच्या १९७८ मधील प्रसिद्ध प्रक्रियकाचेच ते नाव होय. ब्रॉडकॉमचा क्रमांक १४ई४, तर रियलटेकचा १०ईसी आहे. चालक निवडताना याच क्रमांकांवर भिस्त ठेवावी लागते. लॅपटॉपच्या तळाशी चिकटविलेले नाव पुरेसे नसते. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये उत्पादकाने कधी एका, तर कधी दुसऱ्या कंपनीची बिनतारी कार्डे बसविलेली आढळतात. नावावरून चालक शोधणाऱ्याचे कित्येक तास वाया जातात, ते बहुधा यामुळेच. विंडोजमध्ये हे क्रमांक उपकरण व्यवस्थापकात कार्डाच्या तपशिलाखाली दिसतात. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने त्यांची यादी मिळते.

जुन्या यंत्राची खरी अडचण वेगळीच असते. प्रणाली नव्याने बसविली की कार्ड बंद पडते. चालक आंतरजालावर असतो आणि आंतरजालाशी जोडणारे कार्ड तर चालकावाचून बंद असते. याचे बोलके उदाहरण म्हणजे ब्रॉडकॉमची ४३१८ ही चिप होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील पुष्कळ लॅपटॉपांत ती होती. कंपनीने तिची अंतर्गत माहिती खुली केली नाही, म्हणून स्वयंसेवकांनी कंपनीच्या बंदिस्त चालकाचे वर्तन उलगडून ‘बी४३’ हा चालक लिहिला व जानेवारी २००८ मधील लिनक्स २·६·२४ या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. तथापि चिपच्या पोटात भरावयाची सूक्ष्म आज्ञावली कंपनीच्या मालकीचीच राहिली व तिच्या वितरणाची परवानगी मिळाली नाही. डेबियन प्रणालीतील संबंधित संच ती सूक्ष्म आज्ञावली आंतरजालावरून उतरवून घेतो. म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच राहते. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने एक खुला चालक प्रसिद्ध केला खरा, पण तो नव्या चिपांपुरता होता. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली व मराठीतही वापरता येणारी ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तिच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते.

विंडोजच्या बाबतीत अडचण आवृत्तीची असते. ३२ द्विमान अंकी प्रणालीसाठीचा चालक ६४ अंकी प्रणालीत चालत नाही. विस्टाच्या ६४ अंकी आवृत्तीपासून अंकीय स्वाक्षरी नसलेला चालक सामान्यतः नाकारला जातो. एक्स्पी या आवृत्तीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला. जुने चालक उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नाहीसे होण्याची शक्यताही वर्षागणिक वाढते. म्हणून जुनी प्रणाली पुसण्यापूर्वीच तीतील चालकांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. तो बहुतेकांना उशिरा आठवतो.

मुंबई-पुण्याकडे वापरून झालेला लॅपटॉप सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळसारख्या ठिकाणी भावंडाच्या शिक्षणासाठी येतो, तेव्हा तो चालू होणे वा अडगळीत जाणे बऱ्याचदा या एका आज्ञावलीवर ठरते. तेथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कोकणातील दीर्घ पावसाळा व दमट, खारी हवा यांमुळे कार्डाच्या खाचेतील व आकाशकाच्या जोडांतील धातू गंजतो. चालकाचा दोष व धातूचा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे : ओळखक्रमांक यादीत दिसत असेल, तर चालक शोधावा; तो दिसतच नसेल, तर कितीही चालक बसविले तरी उपयोग नाही. अशा वेळी वीज तोडून, विद्युत् घट काढून कार्ड उचलावे, संपर्कपट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात व पुन्हा बसवावे. कार्ड दिसते, चालकही आहे, पण बिनतारी जाळे सापडत नाही, अशा स्थितीत प्रथम लॅपटॉपच्या कडेचा छोटा खटका पाहावा. जुन्या यंत्रांत बिनतारी संदेशवहन बंद करण्याची ही सोय असे आणि पिशवीत घालताना तो सहज सरकतो.

चालकाच्या या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग आता बहुधा खिशातच असतो. अँड्रॉइड भ्रमणध्वनी यूएसबी तारेने जोडून त्यातील आंतरजाल-वाटपाची सोय सुरू केली, की लिनक्सला व विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांना तो एक नेटवर्क कार्ड म्हणूनच दिसतो. त्याला लागणारा सर्वसाधारण चालक प्रणालीत आधीच असतो. त्या वाटेने मूळ कार्डाचा चालक उतरवून घेता येतो. तारेच्या ईथरनेट जोडणीचाही असाच उपयोग होतो, कारण तिचे चालक बिनतारी कार्डांच्या मानाने अधिक वेळा प्रणालीबरोबरच येतात. यांपैकी काहीच उपलब्ध नसल्यास दुसऱ्या संगणकावर ओळखक्रमांक, प्रणालीची आवृत्ती व अंकसंख्या ताडून चालक पेन ड्राइव्हवर घ्यावा. विंडोजमध्ये प्रथम मुख्य फलकाचा चालक, नंतर नेटवर्कचा व शेवटी पुनःप्रारंभ, हा क्रम सोयीचा ठरतो.

चालक बसला तरी कार्डाची मूळ मर्यादा राहतेच. केवळ २·४ गिगॅहर्ट्‌झवर चालणाऱ्या कार्डाला ५ गिगॅहर्ट्‌झचे जाळे दिसत नाही. २००३ पूर्वीची काही कार्डे फक्त ‘वेप’ ही संरक्षण पद्धत जाणतात. ती २००१ मध्येच भेद्य ठरली असल्याने अशा कार्डासाठी घरातील जाळ्याचे संरक्षण उतरविण्यापेक्षा यूएसबीवर चालणारे लहान बिनतारी उपकरण जोडणे श्रेयस्कर असते. मात्र ते विकत घेण्यापूर्वी त्याच्याही चिपचा चालक आपल्या प्रणालीसाठी आहे ना, हे पाहावे लागते.