वस्ती बदलते तेव्हा

‘पूर्वीचे गिरणगाव आता राहिले नाही,’ असे जुनी माणसे हळहळून म्हणतात. परंतु कोणतीही वस्ती आपोआप बदलत नाही. ज्या कामासाठी ती वसली ते काम संपले, की माणसे पांगतात आणि जागेला नवे गिऱ्हाईक मिळते.

लालबाग-परळचेच पाहू. भोंगा झाल्यावर पायी गिरणी गाठता यावी, म्हणून कोकणातले आणि घाटावरचे कामगार जवळच्या चाळींत राहत. खानावळी, भजनी मंडळे त्यांच्यामुळेच उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुष्कळांना पुन्हा काम मिळाले नाही. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर इतर बांधकामाची वाट मोकळी केली. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. चाळीतल्या कित्येक कुटुंबांनी पागडी घेऊन खोली सोडली आणि लोकलच्या मार्गावर डोंबिवली, बदलापूर, कर्जत येथे घर केले. लंडनमधील अशाच स्थित्यंतराला रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ साली स्वतंत्र नाव दिले होते.

म्हणजे मुंबईतील बदलाचे दुसरे टोक आपल्या दारात आहे! तसे आपले तालुकेही पूर्वीपासून बदलत आले आहेत. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. बोरघाट चढताना गाडीला जोडायच्या इंजिनांमुळे कर्जतला रेल्वे कामगारांची वस्ती वाढली. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला, आणि भातखाचरांवर बंगल्यांची कुंपणे चढू लागली.

मात्र एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. चाळकऱ्याजवळ भाडेपावती होती, म्हणून जाताना त्याच्या पदरात काही पडले. आपल्याकडच्या अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. पावसाळा सरला की ही माणसे वीटभट्टीवर, कोळसा पाडायला जातात. घराखालची जागा मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहूनही त्यांच्या नावावर नसते. मालकाने जमीन विकली, तर त्यांनी काय दाखवावे?

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून मला वाटते, नव्या वसाहतींना नाके मुरडण्यात अर्थ नाही. तिथे येणारेही कुठून तरी उठूनच आलेले असतात. पण जमिनीचा सौदा होण्याआधी वाडीच्या गावठाणाची नोंद झाली पाहिजे. अर्ज लिहिण्यापुरती अक्षरे तर आपल्यापाशी आहेतच.