शाळेतील उतरंड आणि सुडाची कळ

मुलांसाठी तयार होणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांकडे सुशिक्षित प्रौढ मंडळी सामान्यतः दोनच दृष्टींनी पाहतात. एक तर निरुपद्रवी करमणूक म्हणून त्या सोडून दिल्या जातात, किंवा त्यांतील मारामारीमुळे मुले बिघडतात अशी तक्रार केली जाते. अशा मालिकेत समाजाविषयी काही सांगितलेले असेल, ही शक्यता सहसा कोणी विचारात घेत नाही. वस्तुतः लहानांना गोष्ट सांगताना लेखकाला आडपडदा ठेवता येत नाही. मोठ्यांच्या वाङ्मयात शेकडो पानांत विखुरलेला विचार तेथे अर्ध्या तासाच्या आत उघडपणे मांडावा लागतो. ४ सप्टेंबर २०११ रोजी, रविवारी सकाळी, जपानच्या टीव्ही आसाही वाहिनीवर सुरू झालेल्या 'कामेन रायडर फोर्झे' या मालिकेची आरंभीची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

'कामेन रायडर' म्हणजे मुखवटाधारी स्वार. शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराच्या कल्पनेतून १९७१ च्या एप्रिलमध्ये हा नायक प्रथम पडद्यावर आला आणि पुढे नवनव्या रूपांत अवतरत राहिला. 'फोर्झे' हे त्याचे चाळिसाव्या वर्षातील रूप. नाटककार काझुकी नाकाशिमा हे या मालिकेचे मुख्य लेखक. कथा घडते ती 'अमानोगावा' या हायस्कुलात. या नावाचा अर्थ आकाशातील नदी, म्हणजे आपण जिला आकाशगंगा म्हणतो तीच. शाळेचा थाट मात्र अमेरिकन आहे. अमेरिकन फुटबॉल संघाचा कर्णधार हा शाळेचा 'राजा', चिअरलीडर मुलींची प्रमुख ही 'राणी', आणि त्यांच्या खाली दरबारी, हरकामे, उपेक्षित, अशी क्रमाने उतरत जाणारी माणसे.

या शाळेत गेंतारो किसारागी हा नवा विद्यार्थी दाखल होतो. सर्वांच्या अंगावर शाळेचा नेटका गणवेश असताना हा जुन्या वळणाचा काळा आखूड कोट घालून आणि केसांचा उंच कोंबडा काढून येतो. या शाळेतील प्रत्येकाशी मैत्री करीन, ही त्याची पहिली घोषणा. ती ऐकून सगळे हसतात, आणि ते स्वाभाविकच आहे. जेथे प्रत्येकाची पायरी ठरलेली असते, तेथे सर्वांशी समान मैत्री करू पाहणारा माणूस मूर्ख तरी ठरतो, नाही तर धोकादायक.

याच शाळेत कोणीतरी गुप्तपणे काही विद्यार्थ्यांच्या हाती एक स्विच ठेवत असते. ती कळ दाबताच विद्यार्थ्याचे रूपांतर एखाद्या तारकासमूहाच्या नावाच्या राक्षसात होते. पहिल्या कथेतील राक्षस 'ओरायन', म्हणजे आपल्या मृग नक्षत्राचा. ती कळ दाबणारा मुलगा फुटबॉल संघातीलच एक खेळाडू असून त्याचा रोष आहे तो त्या 'राजा'वर.

मोजक्या जागांची टंचाई

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे फ्रेड हर्श यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'सोशल लिमिट्स टू ग्रोथ' या ग्रंथाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. धान्य, कापड, घरे यांचे उत्पादन वाढवता येते. परंतु काही गोष्टींचे मूल्य इतरांना त्या मिळत नाहीत यातच साठलेले असते, आणि देशाची संपत्ती कितीही वाढली तरी त्यांचा पुरवठा वाढत नाही, हे हर्श यांचे प्रतिपादन. पहिला क्रमांक ही अशीच वस्तू आहे. अमानोगावा शाळेला पैशाची वा साधनांची कमतरता नाही. तरीही तिच्यात दोन राजे होऊ शकत नाहीत. प्रतिष्ठेचे एकच माप ठेवले आणि त्या मापावर एकच शिखर ठेवले, की उरलेल्या सर्वांचा पराभव आधीच ठरून जातो. सुबत्तेने ही टंचाई दूर होत नाही. उलट पोटाची चिंता मिटल्यावर तीच अधिक बोचू लागते.

टंचाई आली की काळा बाजार येतो. स्विच वाटणारी काळी आकृती त्या बाजारातील व्यापारी आहे. दुखावलेल्या मुलाला ती सामर्थ्य उधार देते आणि आरंभी किंमत मागत नाही. वापर वाढत जातो तशी कळ बदलत जाते आणि अखेरच्या अवस्थेत राक्षस त्या मुलाच्या शरीरापासूनच वेगळा होतो. शरीर एकीकडे निश्चल पडून राहते आणि सूड दुसरीकडे मोकाट फिरतो. सावकारी पाशाचे याहून नेमके चित्र मुलांच्या कार्यक्रमात क्वचितच पाहायला मिळेल. कर्ज घेणाऱ्याने अखेरीस गहाण टाकलेले असते ते स्वतःलाच.

याहूनही महत्त्वाची गोष्ट ही, की त्या मुलाला उतरंड नको आहे असे नाही. त्याला राजा खाली आलेला हवा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमतेचे जे विश्लेषण केले, त्याचा गाभा हाच होता. प्रत्येकाच्या वर कोणी आणि खाली कोणी असले, की अन्याय सोसणारे एकत्र येत नाहीत. मग उतरंडीविरुद्धचा राग उतरंडीतील एखाद्या माणसावर खर्ची पडतो आणि ती शाबूत राहते.

एका शब्दाचा प्रवास

आंबेडकरांचा उल्लेख येथे ओढूनताणून केलेला नाही. वर्गातील या अलिखित क्रमवारीला जपानी भाषेत आज जो शब्द रूढ आहे तो 'स्कूल कास्ट' हा. 'कास्ट' हा शब्द मुळात पोर्तुगीजांचा. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आल्यावर त्यांना येथे जी समाजरचना दिसली तिला त्यांनी 'कास्ता' म्हटले आणि तेथून तो इंग्रजीत गेला. तोच शब्द जपानी मुले आज आपल्या वर्गमित्रांची प्रतवारी सांगण्यासाठी वापरतात. आपल्या व्यवस्थेचे नाव एखाद्या दूरच्या देशात सर्वसामान्य विशेषण म्हणून उपयोगी पडावे, ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे.

समाजशास्त्रज्ञ शो सुझुकी यांनी २०१२ मध्ये या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील एक निरीक्षण प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावे असे आहे. वर्गातील ही उतरंड विद्यार्थ्यांना सत्तेची वाटते, तर शिक्षकांना ती गुणवत्तेची वाटते. वरच्या मुलांत काही कर्तृत्व आहे म्हणून ती वर आहेत, असे शिक्षक मानतात; खालच्या मुलांना वरच्यांचे भय वाटते म्हणून ती खाली असतात.

या भयाचा शेवट कोठे होऊ शकतो, हे याच मालिकेच्या प्रक्षेपणकाळात जपानला दिसले. ऑक्टोबर २०११ मध्ये ओत्सू शहरातील एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने आत्महत्या केली. सहाध्यायांनी त्याचा छळ केला होता, आणि त्यानंतर शाळेने व स्थानिक शिक्षण मंडळाने केलेल्या चौकशीवर कठोर टीका झाली. २०१२ मध्ये हे प्रकरण देशभर गाजले आणि जून २०१३ मध्ये जपानच्या संसदेने शालेय छळाला प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. पडद्यावरचा राक्षस कल्पित होता. ज्या अपमानातून तो जन्मला तो अपमान कल्पित नव्हता.

मैत्रीचा उपाय पुरेसा आहे का?

गेंतारोचा उपाय मैत्री हा आहे. त्याच्या बाजूने अर्थशास्त्रीय युक्तिवादही करता येतो. पहिला क्रमांक एकाला मिळाला की दुसऱ्याचा जातो. मैत्री मात्र वाटल्याने कमी होत नाही. गेंतारो राक्षसाशी लढतो, पण राक्षसामागच्या विद्यार्थ्याला शत्रू मानत नाही. सर्वांशी मैत्री करण्याची त्याची प्रतिज्ञा कळ दाबणाऱ्यालाही वगळत नाही. अपराध आणि अपराधी यांत हा फरक करणे प्रौढांच्या न्यायबुद्धीलाही नेहमी जमत नाही.

परंतु केवळ एका मुलाच्या सौजन्याने व्यवस्था बदलत नाही, हा आक्षेप उरतोच. मालिकेलाही तो ठाऊक असावा. कारण पुढील भागांत कळते की, स्विच वाटणारी ती आकृती म्हणजे गेंतारोच्या वर्गाची शिक्षिकाच आहे. मुख्याध्यापकही त्या कटात सामील आहेत आणि सूत्रे हलवणारी व्यक्ती म्हणजे शाळेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष! मुलांचा द्वेष हा मोठ्यांचा कच्चा माल आहे, असा याचा अर्थ. वर्गात चीड साठू द्यायची, तिला 'स्पर्धा' हे गौरवाचे नाव द्यायचे आणि तिच्यातून आपले उद्दिष्ट साधून घ्यायचे, हे उद्योग राक्षसांच्या कथेबाहेरही चालतात.

दुसरा आक्षेप मालिकेच्या निर्मात्यांवर आहे. गेंतारोला सामर्थ्य मिळते तेही स्विचमधूनच. असे चाळीस स्विच मालिकेत आहेत आणि त्यांची खेळणी दुकानांत स्वतंत्रपणे विकली गेली. मैत्रीचा धडा फुकट मिळाला. त्याचे साहित्य मात्र विकत घ्यावे लागले. ज्याच्याकडे तीस स्विच आहेत आणि ज्याच्याकडे एकही नाही, अशा दोन मुलांमध्ये खेळाच्या मैदानावर नवी उतरंड तयार होत नसेल काय? बाजाराला विषमतेविरुद्धची कथासुद्धा विषमतेची वस्तू म्हणून विकता येते, हे त्याचे कौशल्य मान्य करावे लागेल.

तथापि, यामुळे कथेतील मुद्दा खोटा ठरत नाही. पुढील भागांत गेंतारोभोवती जे मंडळ जमते त्यात शाळेची राणी आहे, राजा आहे, इकडच्या बातम्या तिकडे करणारा हरकाम्या आहे आणि कोणाशी न बोलणारी एकलकोंडी मुलगीही आहे. त्यांची बसण्याची जागा चंद्रावरच्या तळावर आहे. शाळेची क्रमवारी तेथे निरुपयोगी ठरते, कारण काम निराळे आहे आणि त्या कामाला लागणारे गुणही निराळे आहेत. हर्श यांच्या टंचाईवर काही उपाय असेल तर तो याच दिशेने सापडेल. शिखर एकच असेल तर ते समानतेने वाटता येत नाही; मापे अनेक केली तर मात्र एकाच मुलाला सर्वत्र खालची जागा मिळत नाही.

गुणांनुसार मुलांच्या तुकड्या पाडणाऱ्या, पहिल्या बाकावर कोणी बसावे हे टक्केवारीवरून ठरवणाऱ्या शाळा जपानपुरत्या मर्यादित नाहीत. तो दूरचा देश ज्या शब्दाने आपल्या वर्गांचे दुखणे सांगतो, तो शब्द आपल्या किनाऱ्यावरून गेलेला आहे. तेव्हा शिक्षकाने शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे पाहताना, त्याला काय येत नाही या प्रश्नाच्या आधी, त्याला जे येते ते मोजण्याचे माप आपल्या वर्गात आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा. ते माप नसेल, तर सुडाची कळ त्याच्या हाती देणारा कोणी ना कोणी भेटल्याशिवाय राहणार नाही.