सूर्याच्या फोटोसाठी मोफत सॉफ्टवेअर : कोणते कोणत्या कामाचे?

लहान दुर्बीण, तिच्या तोंडावर सूर्यासाठीचा फिल्टर आणि मागे व्हिडिओ घेणारा छोटा कॅमेरा एवढ्या सामानावर सूर्यावरील डागांचे चांगले फोटो घराच्या गच्चीवरून काढता येतात. पैसा लागतो तो या तीन वस्तूंना. फोटो तयार करणारे सॉफ्टवेअर मात्र बहुतेक मोफत मिळते. मोफत आहे म्हणून नवशिके चार-पाच सॉफ्टवेअर एकदम उतरवून घेतात आणि हात कशावरच बसत नाही. ज्यांच्या घरातील मुले या हुनराकडे वळली आहेत, किंवा ज्यांचा फोटो स्टुडिओचा धंदा आहे, अशा बंधूंच्या माहितीसाठी प्रत्येकाचे गुण आणि उणिवा येथे देत आहोत.

आधी डोळ्यांची काळजी

फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवावा. घनता ५ असलेली फिल्म प्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडते. ती डोळ्यांनी पाहण्यासाठी चालते. घनता ३.८ ची फिल्म सुमारे सोळापट जास्त प्रकाश सोडते. ती फक्त कॅमेऱ्यासाठी आहे, तिच्यातून डोळा लावून कधीही पाहू नये. एक्स-रेची फिल्म, काळी काच, सीडी असल्या वस्तू वापरू नयेत. दर वेळी फिल्म उजेडासमोर धरून बारीक भोक पडले नाही ना, याची खातरजमा करावी आणि दुर्बिणीवरील छोट्या शोधक दुर्बिणीलाही झाकण लावावे.

एक फोटो का पुरत नाही?

सूर्याचा प्रकाश गरम-थंड हवेच्या थरांतून येतो, त्यामुळे चित्र सतत थरथरते. मधूनच एखादा क्षण हवा स्थिर होते आणि तेवढ्यात चित्र स्वच्छ दिसते. तो क्षण हाताने पकडता येत नाही, म्हणून व्हिडिओ घेतात. सेकंदाला ३० चित्रे धरली तर मिनिटात १८०० चित्रे होतात. सॉफ्टवेअर त्यांची प्रत लावते, वाईट चित्रे बाजूला काढते, चांगली एकमेकांवर तंतोतंत बसवते आणि त्यांची सरासरी काढते. यालाच स्टॅकिंग म्हणतात.

सरासरीचा फायदा वर्गमूळाने मिळतो. १०० चित्रे घेतली तर चित्रातील खरखर १० पटीने कमी होते, ९०० घेतली तर ३० पटीने. म्हणजे नऊपट माल घालून फायदा तिप्पटच. उलट जास्त चित्रे घ्यायची तर थरथरलेली चित्रेही आत येतात आणि बारकावे पुसले जातात. म्हणून हवा साधारण असेल तर १८०० पैकी १० टक्के, म्हणजे १८० चित्रे, हे सुरुवातीला योग्य प्रमाण आहे. हवा चांगली असल्यास ते वाढवावे. व्हिडिओ मात्र एक-दोन मिनिटांपेक्षा लांब घेऊ नये. सूर्याचा पृष्ठभाग स्वतःच बदलत असतो आणि विषुववृत्तावर तो सेकंदाला सुमारे २ किलोमीटर सरकतो.

कोणते सॉफ्टवेअर कसे?

ऑटोस्टॅकर्ट : एमिल क्राइकाम्प या डच गृहस्थांनी तयार केलेले, विंडोजवर चालणारे. आज स्टॅकिंगच्या कामात सर्वांत जास्त वापर याचाच आहे. सूर्याच्या जवळच्या चित्रासाठी त्यात ‘सरफेस’ हा पर्याय निवडावा आणि स्थिर करण्याची खूण एखाद्या ठळक डागावर ठेवावी. हे संपूर्ण चित्र एकाच मापाने मोजत नाही. चित्राचे लहान लहान चौकोन करून प्रत्येक चौकोनासाठी उत्तम चित्रे वेगळी निवडते. काम झपाट्याने करते. उणीव एकच : तयार चित्र मऊ असते, धार देण्याचे काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करावे लागते.

रेजिस्टॅक्स : कोर बेरेवूट्स यांचे जुने, नामांकित सॉफ्टवेअर. सहावी आवृत्ती २०११ ची आहे. धार देण्यासाठी यात सहा सरकपट्ट्या आहेत, बारीक बारकाव्यांपासून मोठ्या आकारांपर्यंत. या सोयीसाठी ते आजही वापरात आहे. परंतु ते ३२ बिटचे असल्यामुळे मोठ्या फाइलला दमते. १९२० गुणिले १२०० पिक्सेलची १८०० चित्रे ४ जीबीच्या वर जातात. एवढे ओझे त्याच्यावर टाकू नये.

इम-पीपीजी : हे स्टॅकिंग करत नाही, स्टॅक झालेल्या चित्राला धार देते. सूर्याचे फोटो काढणाऱ्यांची गरज पाहूनच ते बनवलेले आहे. एकसारख्या शंभर चित्रांवर एकाच मापाने काम करता येते आणि ती एका रांगेत बसवताही येतात. हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीतून सूर्याच्या कडेवरील ज्वाळा दिसतात. त्यांची हालती फिल्म बनवायची असेल तर याला पर्याय शोधण्याची गरज नाही.

अॅस्ट्रोसरफेस : स्टॅकिंग आणि धार ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी. दोन सॉफ्टवेअरमध्ये ये-जा नको असणाऱ्याला सोयीचे. पर्याय फार असल्याने शिकायला मात्र वेळ लागतो.

प्लॅनेटरी सिस्टिम स्टॅकर : रोल्फ हेम्पेल यांचे, मूळ आज्ञा सर्वांना खुल्या असलेले. ज्यांच्या घरी लिनक्स किंवा मॅक आहे त्यांना उपयोगी. वेगात ते ऑटोस्टॅकर्टच्या मागे आहे.

सिरिल हेही मोफत आणि दर्जेदार आहे, परंतु त्याचा खरा उपयोग रात्रीच्या तेजोमेघ-दीर्घिकांच्या फोटोंसाठी. सूर्यासाठी ते पहिली निवड नव्हे.

जास्त खळीचे कापड

कापडाच्या धंद्यातील माणसाला खळ माहीत असते. विरळ कापडाला जास्त खळ दिली की ते दुकानात जाड आणि कडक लागते, पहिल्याच धुण्यात खरे रूप बाहेर येते. सॉफ्टवेअरमधील धारेचे तसेच आहे. सरकपट्टी पुढे ढकलत गेले की चित्र क्षणाक्षणाला ‘सुधारते’. डागांभोवती पांढरी कड उमटते, मऊ भागात दाणे दिसू लागतात आणि पाहणारा वाहवा करतो. ते दाणे सूर्याचे नसतात, कॅमेऱ्याच्या खरखरीचे असतात.

याचा हिशेब मांडता येतो. पृथ्वीवरून पाहता सूर्यावरील एक विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. ६० मिलिमीटर तोंडाची दुर्बीण जवळपास १.९ विकलांपर्यंतच वेगळेपण दाखवते, म्हणजे सुमारे १४०० किलोमीटर. सूर्याच्या पृष्ठभागावरील दाणे सरासरी हजार किलोमीटरचे असतात. तेव्हा एवढ्या दुर्बिणीच्या फोटोत ते सुटे सुटे, कातरल्यासारखे दिसत असतील तर माल तपासून घ्यावा. दुर्बिणीने जे पकडलेच नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही.

पारख सोपी आहे. अर्ध्या मिनिटाच्या अंतराने दोन व्हिडिओ घ्यावेत, दोन्ही वेगवेगळे स्टॅक करावेत आणि सारखीच धार द्यावी. जे दोन्ही चित्रांत आहे ते सूर्याचे. जे एकातच आहे ते खरखरीचे किंवा हवेचे. दोन्हींत एकाच जागी, पण डाग सरकले तरी न सरकणारा काळा ठिपका दिसला तर तो कॅमेऱ्यावरील धूळ समजावी. डागांची जागा आणि आकार नासाच्या २०१० साली सोडलेल्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या उपग्रहाच्या त्याच दिवसाच्या चित्राशीही ताडून पाहता येतात. ती चित्रे सर्वांना मोफत आहेत.

आमची शिफारस

विंडोजवाल्याने ऑटोस्टॅकर्ट आणि इम-पीपीजी ही जोडी घ्यावी आणि दोन महिने दुसऱ्या कशाला हात लावू नये. लिनक्स-मॅकवाल्याने पहिल्याच्या जागी प्लॅनेटरी सिस्टिम स्टॅकर घ्यावे. व्हिडिओ सकाळी, स्लॅब आणि पत्रे तापण्याच्या आत घ्यावा. हवा चांगली असल्याचा जो लाभ होतो तो सॉफ्टवेअर बदलून होत नाही. आणि फोटो कुणाला द्यायचा किंवा विकायचा असेल तर धार न दिलेली मूळ प्रत जपून ठेवावी. कुणी विचारले तर दाखवायला अस्सल माल हाताशी असलेला बरा.