‘बिलासाठी एक दाबा’: ऑफिसच्या फोनवरच्या आवाजाबद्दलचे काही समज

ऑफिसात नवा ईपीएबीएक्स, म्हणजे फोन जोडणारी पेटी, बसली की ती बसवणारा माणूस निघता निघता विचारतो, “साहेब, वेलकम मेसेज कुणाच्या आवाजात टाकायचा?” मग शोधाशोध सुरू होते. कुणाचा मेव्हणा आकाशवाणीवर हंगामी निवेदक असतो, कुणाची भाची गणेशोत्सवात सूत्रसंचालन करते. पतसंस्था असो, दातांचा दवाखाना असो की सीएचं ऑफिस, सगळीकडे समज एकच: आवाज भारदस्त मिळाला की अर्धं काम झालं.

भारदस्त आवाजातला भारदस्तपणा फोनमध्ये शिरतच नाही, ही त्यातली अडचण. साध्या टेलिफोन लाइनवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाजाचा पट्टा पुढे जातो. बोलताना पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्‌झच्या दरम्यान असतो, बाईचा १६५ ते २५५च्या दरम्यान. म्हणजे दोघांचाही मूळ सूर पट्ट्याच्या खाली राहतो. तरीही फोनवर पुरुष बोलतोय की बाई हे आपल्याला कळतं, कारण वरच्या पटीतल्या सुरांवरून मेंदू तो हरवलेला सूर स्वतःच भरून काढतो. छातीतून काढलेला घुमारा मात्र असा भरून निघत नाही. चाळीच्या अरुंद जिन्यातून सोफा वर न्यायचा असेल तर त्याचा रुबाब कामाला येत नाही, माप येतं; तसंच हे आहे.

पट्ट्याच्या वरच्या टोकालाही कात्री लागते. स, श, फ या वर्णांचा बराचसा जोर ३४०० हर्ट्‌झच्या वर असतो. म्हणून तर फोनवर आडनाव सांगताना आपण “स, सफरचंदातला स” असं बजावून सांगतो. अशा लाइनवर उपयोगी पडतो तो स्वच्छ व्यंजनांचा, शब्दाचं शेवटचं अक्षर न गिळणारा आवाज. तो काउंटरवर बसणाऱ्या क्लार्कचाही असू शकतो, आणि बऱ्याचदा असतोच. दिवसभर लोकांना खातेक्रमांक समजावून सांगणाऱ्याची जीभ तयार झालेली असते.

दुसरा समज पैशाचा आहे. “महागडा माइक आणा, फाइल सीडीच्या दर्जाची ठेवा.” सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. टेलिफोनसाठी १९७२ साली ठरलेलं जी-७११ हे मानक आजही जगभर चालतं, त्यात सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. तुम्ही कितीही उंची फाइल दिलीत तरी यंत्र तिचं हेच करणार. त्यापेक्षा ते रूपांतर स्वतः करून, ऐकून, मग फाइल चढवलेली बरी. फोर-जीवरून फोन करणाऱ्याला कधीकधी ७००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज मिळतो हे खरं. पण त्यासाठी वाटेतली प्रत्येक कडी तशी असावी लागते, आणि ऑफिसातली जुनी पेटी सहसा तशी नसते.

रूपांतरात माइकची किंमत गळून पडते, खोलीचा प्रतिध्वनी मात्र गळत नाही. टाइल्सची फरशी, काचेची केबिन, उघड्या भिंती यांवरून परतलेला आवाज रेकॉर्डिंगमध्ये बसला की शेवटपर्यंत तिथेच राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही कंपनी विहिरीत भरते. उपाय फुकटचा आहे. गाद्या रचलेली खोली, साड्यांनी भरलेलं उघडं कपाट, जाड पडदे. पंखा आणि एसी बंद. खिडकीत कबुतरं असतील तर सकाळची वेळ टाळावी. बऱ्यापैकी मोबाइलचा रेकॉर्डर एवढ्याला पुरतो.

मराठीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. ख, ठ, थ, फ, भ हे महाप्राण वर्ण उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि तो सरळ माइकवर आदळला की ‘फुप्प’ असा ठोका बसतो. ‘फोन केल्याबद्दल धन्यवाद’ या वाक्यात तर पहिलाच वर्ण घात करणारा. ठोक्याचा खालचा भाग लाइन कापून टाकते, पण त्या क्षणी माइक भरून आवाज फाटलेला असतो आणि ते फाटणं जात नाही. माइक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, वीतभर अंतरावर धरला की प्रश्न मिटतो.

“हसत बोला, फोनवर हसू ऐकू येतं” हा सल्ला मला बरीच वर्षं प्रशिक्षण वर्गातली पोपटपंची वाटायचा. तो खरा आहे. संशोधक विवियन टार्टर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केवळ आवाज ऐकून श्रोत्यांनी हसत बोललेलं ओळखलं. ओठ ताणले गेले की मुखाची पोकळी आखूड होते आणि आवाजाचे अनुनाद वर सरकतात, एवढं साधं कारण. अर्थात ‘आमचं कार्यालय आज बंद आहे’ हे फार हसत सांगू नये.

आता संगीत. होल्डवर गाणं लावायची कल्पना आल्फ्रेड लेव्ही या अमेरिकन कारखानदाराची. त्याच्या कारखान्यातली टेलिफोनची एक सुटी तार पोलादी तुळईला टेकली, सगळी इमारत अँटेना झाली आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचं संगीत फोनवर ऐकू येऊ लागलं. १९६२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हापासून ‘संगीत असलं की माणूस थांबतो’ हे गृहीत धरलं गेलं आहे. थांबत असेलही, पण मोबाइलवर ते संगीत कसं ऐकू येतं हे गाणं निवडणाऱ्याने ऐकलेलं नसतं. मोबाइलमधलं आवाज आवळून पाठवायचं तंत्र माणसाचा गळा डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं आहे. एएमआर या प्रचलित पद्धतीत सेकंदाला ४.७५ ते १२.२ किलोबिट एवढ्यातच सगळं बसवतात, जी-७११मध्ये हेच ६४ किलोबिट असतात. बोलणं त्यात छान बसतं. झांजा, सतार, व्हायोलिनचा ताफा बसत नाही. खरखर आणि गुळण्या ऐकू येतात. एकट्या बासरीसारखं साधं काही असेल तर निभावतं. स्वागताच्या शब्दांखाली संगीत लावणं मात्र सरळ नुकसानीचं, कारण तेवढ्याच तुटपुंज्या जागेत दोघांची ढकलाढकली होते.

“गाणं तर आम्ही पैसे देऊन विकत घेतलंय” हाही समज इथलाच. विकत घेतलेलं गाणं घरी ऐकायचं असतं. धंद्याच्या फोनवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचं तर परवाना लागतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, आणि शब्द-चालीवरचा हक्क गीतकार-संगीतकारांच्या हयातीनंतर ६० वर्षं. त्यामुळे जुन्या तबकडीची मुदत संपली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही. भजनांबाबत गोंधळ सर्वांत जास्त. तुकोबांच्या अभंगाचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत, पण अलीकडच्या कुण्या गायकाने गायलेलं त्याचं ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं असतं, आणि नवी चाल बांधणाऱ्याचाही तिच्यावर हक्क असतो.

या सगळ्यापेक्षा जास्त चुका मजकुरात होतात, आणि त्याकडे कुणी बघत नाही. मजकूर बहुधा इंग्रजी नमुन्यावरून उतरवलेला असतो: ‘एक दाबा कर्जविषयक माहितीसाठी’. ऐकणाऱ्याला ‘एक’ ऐकू येतो तेव्हा तो कशाचा हे माहीत नसतं, आणि ‘कर्ज’ ऐकू येईपर्यंत आकडा निसटलेला असतो. आधी काम, मग आकडा, ही मराठीची स्वतःचीच ठेवण आहे: ‘कर्जासाठी एक दाबा’. पर्याय किती असावेत यावर मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या लेखातला ‘सात, दोन कमी-जास्त’ हा आकडा पुढे केला जातो. मिलर ऐकलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याबद्दल बोलत होते. फोन करणारा यादी पाठ करत नसतो, आपलं काम कधी येतंय याची वाट बघत असतो. सात पर्याय चालतील असा त्या लेखाचा अर्थ नाही. चार पुरे, त्यातला एक जिवंत माणसाचा. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य निम्म्या वेळा तरी काढून टाकता येतं.

नावाजलेल्या आवाजाने मेसेजची लांबी खपून जाते, असंही काहींना वाटतं. २०२०मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली करोनाची कॉलर ट्यून देशभर वाजत होती. त्या आवाजाइतका ओळखीचा आवाज दुसरा नसेल. तरी तातडीचा फोन लावणारा माणूस तो संपायची वाट बघत कातावायचाच. जानेवारी २०२१मध्ये तिची जागा जसलीन भल्ला यांच्या आवाजातल्या लसीकरणाच्या संदेशाने घेतली. कातावणं तसंच राहिलं.

रांगेतला क्रमांक किंवा शिल्लक रक्कम सांगणारी यंत्रणा असेल तर आकड्यांचा प्रश्न येतो, आणि तिथे परदेशी प्रणालीच्या पुस्तिकेवर विसंबणं महागात पडतं. इंग्रजीत शून्य ते एकोणीस आणि मग वीस, तीस, चाळीस असे दशक मिळून २८ तुकडे रेकॉर्ड केले की शंभरच्या आतला कुठलाही आकडा जोडता येतो. मराठीत ‘एकवीस’, ‘एकतीस’, ‘एक्केचाळीस’ हे ज्याचे त्याचे शब्द आहेत. शून्य ते नव्व्याण्णव असे शंभरच्या शंभर तुकडे वेगळे बोलावे लागतात. फोननंबर किंवा खातेक्रमांक मात्र एकेक आकडा सुटा सांगावा. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत गर्दीच्या रस्त्यावर कुणीही फसेल.

यावर आता उत्तर येतं: “माणूस कशाला हवा? मशीन बोलेल की.” संगणकी आवाज खूप सुधारले आहेत आणि रोज बदलणाऱ्या मजकुराला ते सोयीचे आहेतच. पण देवनागरीत लिहिलं म्हणजे मराठीत वाचलं जातं असं नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाळीस’मधला च वेगळे, ‘पाच’मधला ‘चाळीस’च्या जातीचा. हिंदीवर वाढलेलं यंत्र सगळे एकाच पद्धतीने म्हणतं, आणि ‘ज्ञानेश्वर पतसंस्थे’ची ‘ग्यानेश्वर’ करून टाकतं. परीक्षा सोपी आहे: त्याच्याकडून संस्थेचं नाव, पत्ता आणि एक ते पन्नास आकडे म्हणवून घ्यावेत.

माणसाच्या आवाजात करायचं ठरलं तर एकाच बैठकीत जरा जास्तीचं रेकॉर्ड करून ठेवावं: जेवणाची सुट्टी, सणाची सुट्टी, ‘क्रमांक बदलला आहे’, सगळे आकडे. दोन महिन्यांनी त्याच माणसाला बसवून एकच वाक्य बदललं तरी ते वेगळं ऐकू येतं. माइकचं अंतर, खोली, बसलेला घसा, काहीतरी हललेलं असतं. सगळ्या तुकड्यांची पातळी सारखी करून घ्यावी, नाहीतर ‘दोन दाबा’ ओरडून आणि ‘तीन दाबा’ कुजबुजून सांगितलं जातं. मग एखाद्या साध्या, बटणांच्या मोबाइलवरून एसटी स्टँडवर उभं राहून ऑफिसला फोन लावून बघावा. आणि दिवाळीच्या सुट्टीचा मेसेज कुणीतरी आठवणीने काढेल या भरवशावर राहू नये. सुरू व्हायची आणि बंद व्हायची तारीख यंत्रातच घालून ठेवायची सोय बहुतेक ईपीएबीएक्समध्ये असते.